निम्मे येणार नाहीत, या भरवशावर

नमस्कार मंडळी.

संयोजकांनी पत्रिकेत विषय छापलाय ‘लोकशाही आणि नागरिकांची कर्तव्ये’. कर्तव्यांवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मी संख्याशास्त्र शिकवलं, आणि शिक्षकी पेशात असल्यामुळे निवडणुकीची ड्यूटीही वाट्याला आली. तेव्हा आज मी फक्त मतदानाच्या रांगेबद्दल बोलणार आहे. ती कशी तयार होते, कुठे अडते आणि कोणाला घरी पाठवते, एवढंच.

२० मे २०२४ तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. लोकसभेचा पाचवा टप्पा. मुंबईच्या सहाही जागा, शिवाय ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर, नाशिक, धुळे, दिंडोरी. मे महिन्याचा उकाडा. सकाळी सातलाच लोक रांगेत उभे, आणि नऊ वाजले तरी रांग जागची हलत नाही. कुठे मंडपात केंद्र, पंखा नाही. कुठे एकाच शाळेच्या फाटकातून आठ-दहा केंद्रांची माणसं आत शिरतायत. दोन-दोन, तीन-तीन तास उभं राहून लोक परत गेले. त्या दिवशी एक दुर्मिळ गोष्ट घडली. मतदान संथ चालल्याची तक्रार सत्ताधाऱ्यांनीही केली आणि विरोधकांनीही. कोण कोणाला मुद्दाम अडवत होतं, यावर पुढे बरेच आरोप झाले. त्यात मी जात नाही. कारण कोणीही मुद्दाम काही केलं नसतं, तरी रांग लागलीच असती. गणितच तसं होतं.

हे गणित करू या. अवघड नाही, सातवीचा भागाकार आहे.

मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा, म्हणजे अकरा तास. एका केंद्रावर किती मतदार? तेव्हा आयोगाची कमाल मर्यादा होती १५००. शहरात तेराशे-चौदाशेची केंद्रं सर्रास. आपण १४०० धरू. आता एका मतदाराला वेळ किती लागतो? लोकांना वाटतं मशीन हळू आहे. मशीन अजिबात हळू नाही. ते मिनिटाला चार मतं घेऊ शकतं. बटण दाबलं, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसली, पडली, बीप वाजला, संपलं. गाडं अडतं ते मशीनच्या आधी.

आत शिरल्यावर तुम्हाला तीन टेबलं लागतात. पहिल्या टेबलावरचा अधिकारी ओळखपत्र बघतो, यादीच्या चिन्हांकित प्रतीत तुमचं नाव शोधतो आणि मोठ्यानं वाचतो, म्हणजे पक्षांच्या पोलिंग एजंटना ऐकू जावं. तुमच्याकडे भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असलेली चिठ्ठी असेल तर दहा सेकंदांचं काम. नसेल तर तो पानं उलटत बसतो, आणि मागचे सगळे त्याच्याकडे बघत बसतात. तिसऱ्या टेबलावर कंट्रोल युनिट, म्हणजे मशीन मतासाठी खुलं करणारा भाग. चिठ्ठी घेतली, बोटाची शाई बघितली, बटण दाबलं, तुम्ही आडोशाला.

खरी गोम दुसऱ्या टेबलावर आहे. तिथे एकच माणूस तुमच्या बोटाला शाई लावतो, नोंदवहीत म्हणजे १७-अ मध्ये तुमचा अनुक्रमांक लिहितो, ओळखपत्राची नोंद करतो, तुमची सही घेतो किंवा अंगठा घेतो, मग मतदार चिठ्ठी लिहून हातात देतो. आजी असतील तर अंगठा स्टँप पॅडवर नीट उठत नाही, मग पुन्हा. कोणी सहीऐवजी पूर्ण नाव लिहायला घेतं, वडिलांच्या नावासकट. हे हसण्यावारी नेऊ नका, तो माणूस पहाटेपासून तिथे आहे. आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी एजंटांसमोर मॉक पोल, त्यात किमान पन्नास मतं टाकून, मोजून, पुसून दाखवायची. सातला दार उघडतं तेव्हा त्याचा अर्धा दिवस झालेला असतो. दुपारी दोननंतर त्याचा हात मंदावतो, आणि त्याच्या जागी बसायला दुसरं कोणी नसतं.

तिन्ही टेबलं एकाच वेळी चालतात हे खरं, पण रांग सगळ्यात हळू टेबलाच्या चालीनं चालते. नरसाळं वरून कितीही रुंद असलं तरी पाणी त्याच्या मानेतूनच जातं. माझा अंदाज, दुसऱ्या टेबलावर माणशी पाऊण मिनिट जातं. म्हणजे तासाला ८० मतदार, अकरा तासांत ८८०. आणि यादीत नावं १४००.

ही तफावत नीट बघा. १४०० पैकी ८८० म्हणजे त्रेसष्ट टक्के. त्याहून जास्त लोक आले, तर सहाच्या आत त्या केंद्रावर मतदान संपूच शकत नाही. मुंबईत त्या मे महिन्यात साधारण निम्म्या मतदारांनी मतदान केलं. निम्मे आले तर ही अवस्था! शहरातली आपली केंद्रं निम्मे लोक येणार नाहीत या भरवशावर उभी आहेत. आणि दुसरीकडे तीच यंत्रणा फलक लावते, फेऱ्या काढते, शाळकरी मुलांना घोषणा पाठ करायला लावते, मतदानाला चला म्हणून. समजा लोकांनी ऐकलं आणि पंच्याऐंशी टक्के आले, तर १४०० च्या केंद्रावर ११९० माणसं. माणशी तेहतीस सेकंद. शाई, सही, अंगठा, चिठ्ठी, सगळं तेहतीस सेकंदांत. करून दाखवा.

बरं, हा हिशेब लोक दिवसभर समान येतात असं धरून झाला. तसे ते येत नाहीत. सकाळी सात ते दहा झुंबड, दुपारी शुकशुकाट, चारनंतर पुन्हा झुंबड. सकाळी तासाला १२० माणसं आली आणि केंद्राची ताकद ८० ची असली, तर दर तासाला ४० जण मागे राहतात. दहा वाजता दारात १२० माणसं तुंबलेली, आणि शेवटच्या माणसाच्या नशिबी दीड तास. दुपारी बाराला मोकळ्या असलेल्या टेबलाचा त्याला काय उपयोग? रांगांचं हे शास्त्र नवं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. किती लोक फोन करतील आणि त्यासाठी किती लाइनी लागतील, याचं गणित मांडायला त्यानं १९०९ साली सुरुवात केली. त्याच्या पुढच्या लोकांनी दाखवलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. खिडकीवरचा ताण वाढतो तसं थांबणं त्याच प्रमाणात वाढत नाही. साध्या सूत्रानं, खिडकी ऐंशी टक्के भरलेली असेल तर सरासरी थांबणं एका माणसाच्या कामाच्या चौपट. पंच्याण्णव टक्के भरली की एकोणीसपट. थोडीशी जादा क्षमता रिकामी ठेवणं ही उधळपट्टी वाटते, पण रांग तिच्यामुळेच आटोक्यात राहते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात मॅरिकोपा नावाची काउंटी आहे, फिनिक्स शहर तिच्यात येतं. २०१२ साली तिथे प्राथमिक फेरीसाठी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानासाठी, सुमारे २०० मतदान केंद्रं होती. मार्च २०१६ मध्ये ती ६० वर आणली. खर्च वाचवायचा होता, आणि बहुतेक लोक टपालानं मत देतील असा हिशेब होता. लोक प्रत्यक्ष आले. पाच-पाच तास रांगा, शेवटची मतं मध्यरात्र उलटल्यावर पडली. तिथल्या निवडणूक अधिकारी त्याच वर्षी स्वतःची निवडणूक हरल्या, कारण तिकडे ते पदही मतदानानं भरतात. (आपल्याकडे ही सोय नाही, असं कोणीतरी पुढच्या खुर्चीतून म्हणालं. बरोबर आहे.) त्याआधी २०१२ च्या रांगांनंतर ओबामांनी नेमलेल्या आयोगानं जानेवारी २०१४ मध्ये एक साधं वाक्य लिहून ठेवलं होतं, की कोणत्याही मतदाराला अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागू नये. ते पाळलं गेलं नाही हे मॅरिकोपात दिसलं. पण चुकलं असं म्हणायला एक आकडा तरी होता. आपल्याकडे मतदान केंद्रावरच्या किमान सुविधांची यादी आहे: पाणी, सावली, रॅम्प, वीज, शौचालय. त्यात मिनिटं नाहीत. म्हणून तीन तास थांबलेला माणूस तक्रार करतो, तेव्हा नियमाचा भंग कुठे झाला हे त्याला दाखवताच येत नाही.

यंत्रणेला काही येत नाही असं मी म्हणणार नाही. गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी केंद्र उभं राहतं, कर्मचारी मशीन घेऊन जातात. २०२० मध्ये करोनाच्या काळात बिहारमध्ये एका केंद्रावर १००० मतदारांची मर्यादा घातली आणि मतदानाची वेळ तासभर वाढवली. मनावर घेतलं की जमतं. मुंबईच्या त्या अनुभवानंतर नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला शहरात केंद्रं वाढवली, काही केंद्रं सोसायट्यांच्या आवारात नेली, रांगेत बसायला बाकं ठेवायला सांगितलं. २०२५ मध्ये कमाल मर्यादा १२०० वर आणली. बिहारमध्ये केंद्रं ७७,८९५ वरून ९०,७१२ झाली. चांगलं झालं. पण आपला भागाकार पुन्हा करा. १२०० चे पंच्याऐंशी टक्के १०२०, आणि केंद्राची ताकद ८८०. अजून बसत नाही. महाराष्ट्राची सरासरी त्या विधानसभेला केंद्रामागे ९६० च्या आसपास होती, ती बसते. पण सरासरीनं कोणाचीही रांग कमी होत नाही. गावात सहाशेचं केंद्र आणि उपनगरात तेराशेचं, सरासरी छान येते.

माझ्या मते मर्यादा घटवण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते दुसरं टेबल दुहेरी करणं. मोठ्या केंद्रावर आणखी एक कर्मचारी, नोंदवहीचं काम एकाकडे, शाई आणि चिठ्ठी दुसऱ्याकडे. नवी इमारत नको, नवं मशीन नको. आणि एक माणूस फाटकावर. तुम्ही तासभर उभे राहता आणि आत गेल्यावर ऐकता, “ताई, तुमचं नाव या भागात नाही, पलीकडच्या खोलीत जा.” तिथे पुन्हा रांगेच्या शेवटी. ओळखपत्रावर केंद्र बदलल्याचं लिहिलेलं नसतं. बीएलओंकडून, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, चिठ्ठी आलेली नसते, किंवा आली ती वॉचमनकडेच राहिली. हे फाटकावर कळलं तर निम्मी कटकट संपते.

मोबाइलचं तेच. केंद्रात फोन न्यायचा नाही, हे ठीक; मताची गुप्तता महत्त्वाची आहे. पण ज्या शहरात माणूस लोकलचं तिकीटसुद्धा फोनवर काढतो, तिथे तो फोन ठेवायचा कुठे? नवरा बाहेर फोन धरून उभा, बायको आत; मग बायको बाहेर, नवरा पुन्हा रांगेत. एकटा आलेला परत जातो. फाटकाजवळ फोन जमा करायची सोय करण्याचा निर्णय व्हायला मे २०२५ उजाडावं लागलं.

या रांगेत कोण टिकतं, तेही बघा. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्यानं आहे, रोजंदारीवाल्यालाही आहे. पण चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती सुट्टी कोण देणार? तिच्याकडे साडेदहा ते साडेअकरा एवढाच वेळ असतो. रांग दीड तासाची असली की तिचं मत गेलं. आकडेवारीत ती ‘उदासीन मतदार’ म्हणून मोजली जाते, आणि मग आपण शहरी मतदाराच्या उदासीनतेवर परिसंवाद घेतो.

एक नियम मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. सहा वाजता जो रांगेत आहे त्याला मत देता येतं, मग आठ वाजोत की नऊ. केंद्राध्यक्ष सहाला चिठ्ठ्या वाटतात, आणि एक नंबरची चिठ्ठी रांगेतल्या शेवटच्या माणसाला देतात. तिथून पुढे सरकत येतात, म्हणजे मागून नवीन कोणी घुसू नये. ज्यानं हे सुचवलं त्याला रांग कळली होती. सहा वाजले म्हणून कोणी घरी पाठवत असेल तर जाऊ नका.

महापालिकांचं गणित आणखी वेगळं. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक. पुण्यात २०१७ साली चारचा प्रभाग होता, म्हणजे एका मतदाराला चार मतं. तिथे व्हीव्हीपॅट नसतं, पण आडोशामागे माणूस चार चिन्हं शोधत असतो. मग अडतं ते दुसऱ्या टेबलावर नाही, मशीनपाशी. प्रभागरचना ठरवताना जातीची समीकरणं, वस्त्यांची समीकरणं सगळी मांडली जातात. सेकंदांचं समीकरण कोणी मांडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता तुमच्या हातातलं सांगतो. केंद्रांची यादी निवडणुकीच्या दिवशी ठरत नाही, ती कितीतरी आधी ठरते. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, हरकती-सूचना मागवतात, पक्षांच्या प्रतिनिधींची बैठक होते. सभागृहात सोसायट्यांचे सेक्रेटरी बरेच दिसतायत. त्या वेळी तहसीलदारांकडे एक पत्र द्या. आमच्या भागात मतदार इतके, क्लब हाऊस तळमजल्यावर, दारं दोन, म्हणजे आत एकीकडून आणि बाहेर दुसरीकडून, पंखे चालू, रॅम्प आहे किंवा करून देऊ. सोबत खोलीची लांबी-रुंदी. पोच घ्या. पंच्याऐंशीच्या पुढचे आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले किती, तेही काढा; त्यांना घरून मत देता येतं, पण त्यासाठी १२-डी चा अर्ज मुदतीत जावा लागतो. पत्राचा नमुना मी छापून आणलाय, बाहेर टेबलावर ठेवलाय. पुरेल असं वाटतं, कमी पडला तर झेरॉक्सचं दुकान खालीच आहे.

चला, प्रश्न घेऊ.