काठी मोडते कुठं?

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा सरला, कृष्णेचं पाणी निवळायला लागलं, की हरिपूरच्या संगमापासून वर भिलवडीपर्यंत काठाकाठानं गळ टाकून बसलेली मंडळी दिसायला लागतात. पूर्वी सगळ्यांच्या हाती चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी असायची. आता पोरं रीळ, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी, लावलेला रॉड घेऊन येतात. मासा कसा काढावा हे मी सांगायला नको, त्यात सांगलीकर हुशार आहेत. आज बोलायचंय ते काठीबद्दल. ती धरायची कशी, ठेवायची कुठं, न्यायची कशी.

एक गोष्ट आधीच सांगतो आणि पुन्हापुन्हा सांगणार आहे. काठी माशानं मोडत नाही. ती मोडते दारात, जिन्यात, मोटारीच्या दरवाज्यात आणि पंख्याच्या पात्यात.

रॉडची ओळख थोडक्यात. खालचं टोक म्हणजे बुडखा. त्याच्यावर मूठ, बुचाची नाहीतर फोमची. मुठीतच रीळ बसवायची जागा असते, आटे फिरवून तिथं रिळाचा पाय घट्ट करायचा. पुढं निमुळता होत जाणारा दांडा, काचतंतूचा किंवा कार्बनचा. दांड्यावर ओळीनं कड्या, त्यांतून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, जातो. मुठीजवळची कडी मोठी, मग लहान लहान होत शेवटची अगदी शेंड्यावर. कड्यांच्या आत बहुधा चिनी मातीसारखं गुळगुळीत कडं असतं. त्याला बारीक तडा गेला तर तंगूस कापला जातो आणि दोष मात्र तंगसाच्या कंपनीला मिळतो. म्हणून कापसाचा बोळा कडीतून फिरवून बघा. तंतू अडकले की समजा तडा आहे. आणि गळ कडीत अडकवून ठेवू नका हो! मुठीच्या वर त्यासाठी वेगळा छोटा आकडा असतो. नसला तर गळ रिळाच्या पायाला अडकवा.

धरायचं कसं? उघड्या फिरकीचं रीळ, जे आपल्याकडं सर्रास दिसतं, ते काठीच्या खाली लोंबतं आणि कड्याही खालीच. कितीतरी लोक ते वर करून उलटं फिरवताना मी आयर्विन पुलाखाली बघितलेत. मूळचं डावखुऱ्यासाठी, उजव्यासाठी असं काही नसतं. बहुतेक रिळांची दांडी काढून दुसऱ्या बाजूला लावता येते. रिळाचा पाय मधलं बोट आणि अनामिका यांच्या मध्ये घ्यायचा, म्हणजे तर्जनी तंगसाला लावायला मोकळी राहते. मासा लागला की बुडखा पोटाशी नाहीतर कोपराखाली. दुसरा हात मुठीच्या पुढं दांड्यावर नेऊ नका. तिथं हात धरला की खालचा जाड भाग वाकायचा थांबतो आणि सगळा भार शेंड्यावर जातो. मासा पायाशी आला की काठी डोक्यामागं ओढायची सवय तर सोडूनच द्या. जाळीनं उचला. आणि गळ दगडात अडकला तर काठीनं हिसके द्यायचे नाहीत. काठी गळाच्या दिशेला सरळ करा, तंगूस फडक्यावर गुंडाळा आणि हातानं ओढा. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. बगळ्यांच्या पायात तो गुंतलेला बघितलाय का कधी? काठावर तंगूस टाकून जाणाऱ्याला नदीवर यायलाच बंदी करावी, असं माझं मत आहे. असो.

आता आमच्या तात्यांची गोष्ट. शेजारचे तात्या, साखर कारखान्यातून निवृत्त, जन्मभर चिव्याच्या काठीवर वाम, म्हणजे सापासारखा लांब मासा, काढलेला माणूस. पुण्याच्या पुतण्यानं त्यांना सात फुटी, दोन तुकड्यांचा कार्बनचा रॉड घेऊन दिला. तात्यांनी तो काकूंच्या जुन्या चादरीत गुंडाळला, सुतळीनं आवळला आणि बसच्या डिकीत ठेवला. वाटेत कुणीतरी त्यावर कांद्याचं पोतं टाकलं. घरी कट्ट्यावर वळकटी सोडली तर तिसरी कडी लोंबत होती. दांडा शाबूत, पण कडीचा एक पाय दोऱ्यातून निसटलेला आणि वरचं रोगण पापुद्र्यासारखं सुटलेलं.

एका दुकानात दाखवली. पोरगा मोबाइलमधनं मान वर न करता म्हणाला, "टाकून द्या, नवीन घ्या." हल्ली सगळ्याला हेच उत्तर. मिक्सर, छत्री, सायकल. छत्री दुरुस्त करणारा माणूस शोधून दाखवा मला आजकाल. तात्या मात्र काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात, खांद्याला चादरीची वळकटी. "चल, मिरजेला जायचंय."

मिरजेला म्हटलं की आपल्याला दवाखाना आठवतो. मी विचारलं, "कुणाला ॲडमिट केलंय?" तात्या म्हणाले, "काठीला."

आणि गेलो कुठं, तर सतार करणाऱ्यांच्या गल्लीत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपण पेपरात वाचलं असेल. दुकानात वर भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि भिंतीशी बसलेले एक वयस्कर कारागीर. तात्यांनी काठी पुढं केली. "चाचा, सतार नाही हो, मासे धरायची काठी आहे."

चाचांनी एक डोळा मिटला, काठी डोळ्याशी धरली आणि बुडख्याकडनं शेंड्यापर्यंत बघत राहिले. सतारीची दांडी बघतात तसंच. मग म्हणाले, "हिच्या कड्या एका रेषेत नाहीत. पाचवी बाहेर पळालीय." आम्ही दोघांनी बघितलं. होती की हो! नव्याकोऱ्या काठीची पाचवी कडी वाकडी, आणि ते आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं.

सतारीचे पडदे, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या सळया, तेही दोऱ्यानंच दांडीला बांधलेले असतात. चाचांना ते काम रोजचं. त्यांनी जुना दोरा ब्लेडनं अलगद कापला, दांड्याला ओरखडा न जाऊ देता. कडीच्या पायाचं टोक कानशीनं घासून पातळ केलं, म्हणजे दोरा त्यावर चढताना पायरी लागत नाही. मग दोरा घेतला. सुरुवातीला गाठ मारलीच नाही. दोऱ्याचं टोक दांड्यावर आडवं ठेवलं आणि पहिले वेढे त्याच्यावरूनच घेतले, म्हणजे टोक आपसूक दाबलं गेलं. पुढं वेढ्याला वेढा लावत, अंगठ्याच्या नखानं सारत सारत, एकावर एक चढू न देता. काठी फिरत होती, दोरा जागेवरच ताणलेला. संपत आलं तसा त्यांनी वेगळ्या दोऱ्याचा एक फासा दांड्यावर ठेवला, शेवटचे सातआठ वेढे फाशावरून घेतले, दोरा कापला, त्याचं टोक फाशात ओवलं आणि फासा ओढला. सर्रकन टोक वेढ्यांखाली गायब. गाठ नाही, टोक नाही. तात्या म्हणाले, "पुन्हा दाखवा." चाचा म्हणाले, "पाचवी आहे ना अजून."

तात्यांना वाटलं, वरून सतारीसारखी लाख लावतील. चाचांनी मान हलवली. "लाख पाण्यात टिकायची नाही. दोन बाटल्यांतलं मिसळून लावतात ते इपॉक्सी आणा, पातळ हात द्या. आणि घट्ट होईपर्यंत काठी फिरवत राहा, नाहीतर ते एका बाजूला ओघळून लोंबेल." मग काय! दुपारभर तात्या कट्ट्यावर दोन खुर्च्यांच्या पाठींवर काठी आडवी टाकून बसले आणि सारखी फिरवत राहिले. काकू आतनं म्हणाल्या, "भाकरी कधी अशी उलथली नाही आयुष्यात!"

पण मुख्य गोष्ट राहिलीच. आम्ही निघताना चाचांनी पैसे घेतले नाहीत. "वाम मिळाली तर आणा," म्हणाले. मग चादरीकडं बघून विचारलं, "हे असं आणलं? आम्ही तानपुरा परगावी पाठवतो तेव्हा आत तो हलायला जागाच ठेवत नाही. मोडतं ते हलण्यानं आणि वरच्या ओझ्यानं." आणि कोपऱ्यात पडलेल्या नळाच्या पाइपाकडं बोट केलं.

तोच पाइप आज तात्या वापरतात. तुम्हीही करा. प्लंबिंगचा तीन इंची पीव्हीसी पाइप घ्यायचा, लांबी आपल्या काठीच्या सर्वांत लांब तुकड्यापेक्षा चार बोटं जास्त. एका टोकाला टोपण चिकटवून टाकायचं, दुसऱ्याला आट्याचं. दोन्ही टोपणांत फोमचा तुकडा. रीळ काढून वेगळ्या पिशवीत. काठीचे दोन तुकडे शेजारी ठेवायचे, कड्या एकमेकींवर घासू द्यायच्या नाहीत, आणि कापडी पट्टीनं तीन ठिकाणी बांधायचे. रबरबँड नको, उन्हात तो विरघळून दांड्याला चिकटतो. हा पाइप बसच्या डिकीत टाका नाहीतर मोटारसायकलला बांधा. वर पोतं आलं तरी बेहत्तर.

जोड सोडताना तुकडे सरळ ओढायचे, कड्यांना धरून पिळायचं नाही. अडकलाच तर बर्फानं आतला तुकडा थोडा गार करा, सुटतो. आणि जोडताना सांध्याला मेणबत्तीचा हलका हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी अडकणार नाही.

घरी आल्यावर काय? साध्या पाण्यानं धुवा, पुसा, वाळवा आणि मगच पिशवीत घाला. ओली काठी कोंडली की पावसाळ्यात बुचाच्या मुठीला बुरशी येते. रिळाचा ब्रेक सैल करून ठेवा. काठी भिंतीला तिरकी टेकवून महिनोन्महिने ठेवायची नाही, ती वाकते. उभी ठेवा, नाहीतर आडवी तीनचार खुंट्यांवर. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या मोटारीत मुळीच नको. आपला एप्रिल तुम्हाला ठाऊक आहे, कड्यांवरचं रोगण मऊ पडतं. अडचण एवढीच, की नव्या घरांत कोपराच राहिलेला नाही. जिथं बघावं तिथं शोकेस. आणि जोडलेली काठी घरात नेताना शेंडा मागं ठेवा, बुडखा पुढं. पंखा बंद करा. पुन्हा सांगतो, काठी माशानं मोडत नाही, ती मोडते दारात आणि पंख्यात.

जाता जाता दोन गोष्टी जिवाच्या. कार्बनमधून वीज वाहते. नदीकाठच्या उसातनं पाण्याच्या मोटारींसाठी गेलेल्या विजेच्या तारा किती खाली लोंबतात ते तुम्ही बघता. तारेखालून जाताना रॉड उभा धरू नका, दोन तुकडे करून हातात आडवा घ्या. आभाळ गडगडायला लागलं की काठी खाली ठेवा आणि काठावरनं उठा. दुसरी गोष्ट मगरींची. भिलवडी, औदुंबर, सांगली, सगळीकडं मगरी आहेत. गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकायचा नाही, आणि हातातनं काठी निसटून पाण्यात गेली तर तिच्यामागं जायचं नाही. तात्यांची चिव्याची काठी अशीच एकदा गेली, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "जाऊ द्या, शेतातनं दुसरी तोडून आणा." नमस्कार.