सभागृहासकट गाणे : पंक बँडच्या मैफलीची चित्रफीत

मित्रहो, आपण आत्ता जी सुमारे वीस मिनिटांची कृष्णधवल चित्रफीत पाहिली, ती १३ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियातील नापा येथील सरकारी मनोरुग्णालयात चित्रित झाली. द क्रॅम्प्स हा पंक, म्हणजे ओबडधोबड, जोरकस रॉक संगीत वाजवणारा बँड तेथील रुग्णांसमोर वाजवत होता आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टार्गेट व्हिडिओ या छोट्या गटाने ते अर्ध्या इंची टेपवर, हाती उचलून नेता येणाऱ्या पोर्टापॅक यंत्राने टिपले. तिची व्हीएचएस कॅसेट निघाली ती १९८४ मध्ये.

तांत्रिक दृष्टीने पाहिले तर तिच्यात दोष पुष्कळ आहेत. आवाज फाटतो, उजेड अपुरा आहे. बँडमध्ये दोन गिटार आणि ड्रम आहेत, खर्जाचे सूर देणारी बास गिटार मुळातच नाही, त्यामुळे नाद खरखरीत येतो. पण रुग्ण मंचावर चढतात, गायक लक्स इंटिरिअर याच्या अगदी जवळ येऊन नाचतात, माइकमध्ये ओरडतात आणि तो त्यांना दूर सारत नाही, हे आपल्याला दिसते, कारण कॅमेरा केवळ गायकाच्या चेहऱ्यावर खिळलेला नाही. गाणारे आणि ऐकणारे यांच्यातली रेषा पुसणे हेच पंकचे म्हणणे असेल, तर त्याचा याहून सबळ पुरावा मी पाहिलेला नाही.

पुढे याच परंपरेतले बँड फार मोठे झाले. ग्रीन डे या अमेरिकी बँडने जून २००५ मध्ये इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे दोन दिवसांत सुमारे १,३०,००० श्रोत्यांसमोर केलेल्या कार्यक्रमांची चित्रफीत त्याच वर्षी प्रकाशित झाली. ती देखणी आहे. मात्र एवढ्या गर्दीतला एकेक माणूस ओळखीचा होत नाही.

कोल्हापुरात हे सांगताना मला अल्लादिया खाँसाहेबांची आठवण होते. शाहू महाराजांच्या दरबारातल्या या थोर गायकाचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातून आपल्यापर्यंत आली, ही मोठीच गोष्ट. पण त्यांच्या मैफलीत दाद कोठे आली, समेवर कोणाची मान हलली, हे सारे गेले. आणि याच शहरातल्या बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः घडवून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. साधने नाहीत म्हणून थांबायचे नाही, आपले आपण करायचे, ही पंकची वृत्ती आपल्याला परकी का वाटावी?

म्हणूनच, आज येथे बसलेल्या ज्या मुलांनी आपल्या कार्यक्रमाची चित्रफीत काढण्याचे ठरवले आहे, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. स्टुडिओत बसून बेसूर ओळ पुन्हा गाऊन जोडण्याची आणि टाळ्यांचा आवाज वाढवण्याची पद्धत सर्रास आहे. ती स्वीकारू नका. एक माइक श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा, एक कॅमेरा त्यांच्यातच उभा करा. तुमच्या त्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला गिटारची तार तुटली आणि ती बदलेपर्यंत पुढच्या रांगेतल्या पोरांनी गाण्याचे ध्रुवपद म्हणत ताल धरून ठेवला, तो तुकडा तुम्ही काढून टाकणार आहात असे मला कळले. तो पूर्ण ठेवा, आणि त्या वेळी कॅमेरा तार बदलणाऱ्यावर नसून त्या पोरांवर असेल तर फारच चांगले.