तांब्यातली उष्णता बाहेर कशी काढायची

मंडळी, इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर किती किलोवॅटची, हे सगळे विचारतात. डिझाइन करायला बसलं की आधी टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, विचारावा लागतो, कारण मोटरचा आकार त्यावर ठरतो. मुंबईतला एखादा उड्डाणपूल घ्या, चढ शंभराला पाच. स्कूटर आणि दोन माणसं मिळून २५० किलो. चढासाठी सुमारे १२३ न्यूटन, टायरच्या घर्षणासाठी ३७, म्हणजे १६० न्यूटन. या वेगांना हवेचा विरोध कमी, तो बाजूला ठेवू. चाकाची त्रिज्या २२ सेंटीमीटर धरली, तर चाकावर ३५ न्यूटन-मीटर हवेत. मध्ये एकास आठ गिअर असेल तर मोटरला साडेचारसुद्धा लागत नाहीत, फक्त ती आठपट वेगाने फिरली पाहिजे. लोकलच्या डब्याखालीही मोटर आसाला गिअरमधूनच जोडलेली असते. थेट चाकातच बसणाऱ्या, बिनगिअरच्या हब मोटरला ही सवलत नाही. तिला पूर्ण ३५ स्वतःच्या अंगावर घ्यावे लागतात.

टॉर्क दुप्पट मागितला की करंट साधारण दुप्पट होतो आणि तांब्यातली उष्णता चौपट. शिवाय ही उष्णता स्वतःला वाढवत नेते. तांबं २० अंशांवरून १२० वर गेलं की त्याचा रोध ३९ टक्क्यांनी वाढतो. निओडिमियम चुंबक दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के उतरतो. तो ८० अंशांवर पोचला तर सात टक्के गेले. तेवढाच टॉर्क काढायला करंट आठ टक्के जास्त लागतो. दोन्ही मिळून, गार मोटरच्या तुलनेत तापलेली मोटर त्याच कामासाठी १.६ पट उष्णता निर्माण करते. गार मोटरवर घेतलेले आकडे म्हणूनच फसवतात.

आता ही उष्णता जाते कुठे? हब मोटरमध्ये स्टेटर, म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेला न फिरणारा भाग, आत, आसावर बसवलेला. चुंबकांचं कवच बाहेरून फिरतं. तांबं मधोमध कोंडलेलं. बाहेर पडायला दोनच वाटा: अर्ध्या-एक मिलिमीटरची हवेची फट, नाहीतर आस. म्हणून स्टेटरचा मधला आधार पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा करणं फायद्याचं ठरतं. पण त्याआधीचा अडथळा स्टेटरच्या, तार बसते त्या खाचेतच आहे. गोल तारेने भरलेल्या खाचेत तांबं साधारण ४० ते ४५ टक्के. उरलेलं इनॅमल, कागद आणि हवा. वार्निश हवेपेक्षा सात-आठपट चांगली उष्णता वाहतं, म्हणून वार्निशिंगची घाई करू नये. स्टेटर आधी भट्टीत तापवून ओल घालवायची, मग वार्निशमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायचा, निथळवायचा आणि वार्निशच्या पत्रकात दिलेल्या तापमानाला पूर्ण वेळ भाजायचा. नुसतं वरून ओतलेलं वार्निश खाचेच्या तळाशी पोचत नाही. मोटर कापून पाहिली की आत कोरड्या तारा दिसतात.

थर्मिस्टर, म्हणजे तापमान सांगणारा सेन्सर, ओव्हरहँगमध्ये (तारा खाचेबाहेर वळतात तिथे), तारांच्या मधोमध बसवावा, लोखंडावर नको. आणि शक्यतो तिन्ही फेजमध्ये, म्हणजे वाइंडिंगच्या तिन्ही गटांत. चढावर वाहतूक अडली की बरेच जण ब्रेक न दाबता थ्रॉटलवर गाडी धरून ठेवतात. मोटर फिरत नाही, त्यामुळे करंट एका फेजमधून दुसऱ्यात सरकत नाही. एखाद्या फेजला शिखराचा करंट सतत सोसावा लागतो, म्हणजे तिच्यात नेहमीच्या दुप्पट उष्णता. सेन्सर शेजारच्या फेजमध्ये असला तर मोटरला करंट पुरवणाऱ्या कंट्रोलरला पत्ताही लागत नाही.

सेन्सर नसेल तर रोधावरून तापमान काढता येतं. मोटर रात्रभर थंड ठेवून रोध मोजा, समजा ३० अंशांना ५० मिलिओहम. चालवून थांबवल्यावर लगेच मोजा, समजा ६६. आता २३४.५ अधिक ३०, गुणिले ६६ भागिले ५०, वजा २३४.५: उत्तर सुमारे ११५ अंश. हे सरासरी आहे, सर्वांत तापलेली जागा याच्या वर असते. एफ वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १५५. ठोकताळा असा, की दर दहा अंश वाढीला इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं.

पावसाळ्यात वेगळंच संकट. तापलेली मोटर दादरला हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाखालून, आसातल्या केबलच्या भोकातून पाणी ओढून घेते. सील कितीही घट्ट करा, हा दाबातला फरक राहतोच. कवचाला हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडद्याचा व्हेंट बसवला की दाब सारखा होतो. केबलचं भोक रेझिनने भरा. केवळ रबरी ग्रोमेट पुरत नाही, कारण पाणी तारेच्या आवरणाच्या आतूनही चढतं. आणि पाण्यातून काढलेल्या गाडीला, कंट्रोलर सोडवून, वाइंडिंग आणि कवच यांच्यात मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावल्याशिवाय सप्लाय देऊ नका.