पावणेनऊची गाडी

(धुकं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला काजूची झाडं. लांबून हॉर्न.)

एक लांब, दोन आखूड. गाडी चढाला लागली.

हा हॉर्न ऐकला की इथल्या घरांत भाकरी तव्यावर तशीच राहते आणि आया पोरांच्या बुटाच्या नाड्या बांधायला धावतात. कुणाचा डबा अजून उघडाच असतो, तो तसाच दप्तरात जातो.

बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप जलाशयाच्या बाजूचा हा डोंगराळ पट्टा. भात, काजू आणि रताळी. पुढं थोडं गेलं की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. इथल्या तीन गावांची आणि दोन वाड्यांची मिळून ही एक बस, मराठी शाळेला जाणारी. गावांची नावं आम्ही मुद्दाम घेत नाही. सीमाभागात गावाचं नाव घेतलं की आधी राजकारण निघतं, आणि आम्हाला बसबद्दल बोलायचंय.

(बसचा समोरचा भाग. रंगाऱ्याचा हात.)

आम्ही पहिल्यांदा आलो ते मे महिन्यात. बस मारुतीच्या देवळामागं उभी होती आणि रंगारी तिच्या कपाळावर अक्षरं काढत होता. वर कन्नड, खाली मराठी. कन्नडात ‘शाला वाहन’ लिहून झालं होतं. मराठीत काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. गुरुजींचं म्हणणं ‘शालेय वाहन’. कट्ट्यावर बसलेल्या एका आईनं विचारलं, ‘गुरुजी, घरात असं कोण म्हणतंय? शाळेची गाडी म्हणूया की!’ रंगाऱ्यानं बोटांनी जागा मोजली. बसत होतं.

रंगारी कन्नड बोलणारा. देवनागरी तो पाट्यांपुरती लिहितो. ‘शा’चा काना त्यानं जरा जास्तच खाली ओढलाय, नीट बघा. पण ‘ळ’शी आला तेव्हा हसला. ‘हे अक्षर आमच्यातबी आहे,’ म्हणाला, आणि एका दमात काढून मोकळा झाला.

(फाटा. सकाळ. सरकारी बस न थांबता जाते.)

आता हा फाटा. सगळी गोष्ट इथनं सुरू होते.

11 जून 2023 पासून कर्नाटकात सरकारी बसमधून महिलांचा प्रवास फुकट झाला. शक्ती योजना. योजनेला नावं ठेवायचं कारण नाही. या पट्ट्यातल्या कितीतरी बायका त्यामुळंच बेळगावला कामाला जाऊ लागल्या. पण गावात मुक्कामाला असलेली वस्तीची गाडी सकाळी निघते तीच दारापर्यंत भरून. फाट्यावर पोरं दिसली की कंडक्टर आतूनच हात हलवतो. मागची गाडी बघा. मागची गाडी साडेदहाला, आणि शाळेची प्रार्थना पावणेदहाला. मुलीला तिकीट नाही, मुलाकडं पास आहे, आणि दोघंही फाट्यावर उभी.

त्याच फाट्यावरून त्याच वेळेला आणखी एक बस जायची. शहराकडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेची. ती फाट्यावर न थांबता सरळ गल्लीत शिरायची, दारात थांबायची.

मराठी शाळांचा पट का उतरला यावर आमच्याकडं भाषणं भरपूर झाली. इंग्रजीचं वेड, पालकांची हौस, शेजाऱ्याशी चढाओढ. असेलही. पण जिनं मोठ्या मुलाला मराठी शाळेत घातलं आणि धाकट्याला इंग्रजी, त्या आईला आम्ही कारण विचारलं, तर तिनं इंग्रजीचं नावसुद्धा काढलं नाही. ‘ती गाडी दारात येऊलाली. हे पाच वर्षांचं पोर. फाट्यापर्यंत सव्वा किलोमीटर, मधी ओढा. कोण सोडणार?’

1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या दाव्याच्या कागदांत हा सव्वा किलोमीटर कुठं असणार?

पहिल्या वर्षी पालकांनी वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन चालणारी, जीप ठरवली. पांढऱ्या नंबरप्लेटची, म्हणजे भाडं घ्यायची परवानगीच नसलेली. त्यात किती पोरं बसायची हे विचारलं की सगळे नुसते हसतात. जुलैत तपासणीत गाडी सापडली, दंड झाला, पोरं पावसात चालत घरी आली. जीप बंद.

(रात्र. देवळाचा मंडप. माणसं जमतायत.)

हे चित्रीकरण एका पालकानं मोबाईलवर केलेलं आहे, म्हणून थोडं हलतंय. पण आम्ही ते कापलेलं नाही, कारण बस इथं जन्माला आली. डेअरीत दूध घालून माणसं आली, त्यामुळं किटल्या मंडपातच. बायका डाव्या बाजूला, आणि यावेळी मागं नाहीत.

प्रश्न असा होता की गाडी घ्यायची तर कुणाच्या नावावर? मोटार वाहन कायद्यात शैक्षणिक संस्थेची बस कशाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे. संस्थेच्या मालकीची, आणि फक्त विद्यार्थी व शाळेच्या माणसांना नेणारी. पालकांची बस असा प्रकार कायद्याला माहीत नाही. शेवटी ठरलं ते असं: पैसे पालकांचे, गाडी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या नावावर, आणि रोजचा कारभार परत पालकांकडं.

यात विश्वासाचा भाग मोठा. उद्या संस्थेनं गाडी विकली तर? हा प्रश्न मंडपात पुरुषांपैकी कुणी विचारला नाही. गल्लीतली भिशी चालवणाऱ्या काकूंनी विचारला. त्यांच्या सांगण्यावरून स्टॅम्प पेपरवर एक ओळ वाढली: विक्री पालकांच्या बैठकीशिवाय नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्याचे पैसे सांभाळणाऱ्या बाईला असलं कलम बरोबर सुचतं.

जुनी मिनीबस मिळाली. 26 आसनांची. पैसे कसे उभे राहिले त्याचा हिशेब वहीत आहे, वहीकडं येतोच.

(उद्यमबाग. लेथ. ठिणग्या.)

त्याआधी हे बघा. बेळगावचं उद्यमबाग. फौंड्र्या, मशीन शॉप, आणि त्यात काम करणारी आसपासच्या खेड्यांतली माणसं. हे वेल्डिंग करणारे गृहस्थ सातवीतल्या मुलीचे पप्पा. पहिली पाळी संपल्यावर मालकाच्या परवानगीनं ते बसच्या खिडक्यांचे गज तयार करतायत.

गज आडवेच का, याला कारण आहे. 1997 च्या नोव्हेंबरात दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली. 28 मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं शाळेच्या बसला नियम घालून दिले. खिडक्यांना आडवे गज, दाराला पक्की कडी, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवायचं नळकांडं, गाडीवर शाळेचं नाव आणि फोन, मुलांसोबत एक जाणतं माणूस, ताशी 40 किलोमीटरच्या वर वेग नाही.

पप्पांनी दोन गजांतलं अंतर पट्टीनं मोजलं नाही. मुलीला सोबत आणलं होतं. तिची मूठ मधे धरली, डोकं मधे घालायला लावलं. डोकं जात नाही म्हटल्यावर पहिला टाका मारला. नंतर कानशीनं प्रत्येक टोक घासलं, आणि घासून झाल्यावर स्वतःचा गाल त्यावरून फिरवला. हे आम्ही तीनदा चित्रित केलं. तिन्ही वेळा त्यांनी गाल फिरवला, आम्ही न सांगता.

(वही. सुभेदार आजोबांचा चष्मा.)

ही ती वही. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. सांभाळतात ते मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आजोबा. त्यांचं कुणी नातवंड या बसमध्ये नाही. म्हणून तर खजिनदार केलं. वेळापत्रकही त्यांचंच. लोक पावणेनऊची गाडी म्हणतात, वहीत 8.43 आहे.

वर्गणी टप्प्याप्रमाणं. लांबच्या वाडीला जास्त, फाट्याजवळ कमी, आणि एका घरातलं तिसरं पोर फुकट. ऐकायला सोपं आहे, पण पैसा सगळ्यांच्या हातात एकाच तारखेला येत नाही. कुणाचा पगार, कुणाचं दुधाचं बिल. रताळीवाले नवरात्राच्या सुमारास देणार, कारण उपासाच्या दिवसांत बेळगावच्या बाजारातून रताळी बाहेर जातात तेव्हा हातात पैसा येतो. भातवाले सुगीला. वहीत अशा नावांपुढं पेन्सिलीनं ‘र’ किंवा ‘सु’ लिहिलंय.

आणि बऱ्याच नावांपुढं ‘गृ’. म्हणजे गृहलक्ष्मी. ऑगस्ट 2023 पासून कर्नाटक सरकार घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिन्याला 2000 रुपये घालतं. त्यातूनच बसची वर्गणी जाते. त्यामुळं बसचा मालक कोण म्हणून विचाराल तर कागदावर संस्था आहे, पण बैठकीत आवाज आयांचा असतो. हप्ता लांबला की मात्र आजोबा वही मिटून देवळात जाऊन बसतात.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते एप्रिल-मे महिन्यांवरून. शाळेला सुट्टी, तर वर्गणी का द्यायची? आजोबांनी वही फिरवून दाखवली. विमा सुट्टी घेत नाही. ड्रायव्हर मामांच्या घरची चूल सुट्टी घेत नाही. गाडी आठ वर्षांच्या वरची, म्हणजे फिटनेस दरवर्षी, आणि आरटीओला नेण्याआधी ब्रेकचं काम उन्हाळ्यातच निघतं. कुणीतरी म्हणालं, लग्नसराई आहे, वऱ्हाडाला देऊया गाडी, खर्च निघेल. चार माना डोलल्या. आजोबांनी कायद्यातला तो शब्द परत वाचला: फक्त. बस देवळामागंच राहिली. आता वर्षाचा आकडा बारानं भागतात, आणि दरवर्षी कुणीतरी नव्यानं भांडतं.

डिझेलचा रकाना वेगळा आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये कर्नाटकात डिझेल लिटरमागं 2 रुपयांनी चढलं, ती ओळ लाल शाईत. त्याआधी महाराष्ट्राच्या गाड्या टाकी भरायला इकडं यायच्या. सीमेचा एवढा फायदा तरी होता, असं आजोबा म्हणतात आणि हसत नाहीत.

(बसच्या आत. मावशी दारात.)

मुलांसोबत जाणतं माणूस हवं म्हणून सुरुवातीला वार लावले. सोमवारची आई, मंगळवारची आई. जूनमध्ये ठीक चाललं. मग रताळ्याचे वेल लावायचे दिवस आले, पाठोपाठ भाताची लावण, आणि वार म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. तेव्हापासून या मावशी आहेत, थोड्या पगारावर. त्यांना वाचता येत नाही. पण चढताना प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवतात आणि उतरताना परत. एका डोक्याचा हिशेब चुकला तर गाडी हलत नाही.

मामा कन्नड बोलणारे, बैलहोंगलकडचे. ‘लगू बर्री, लगू बर्री!’ म्हणजे लवकर या. पोरं मराठीतून ओरडतात, मामा कन्नडातून रागावतात, सगळ्यांना सगळं कळतं. शाळेत कन्नडाचा तास असतोच. सतरापर्यंतचे आकडे मात्र गाडीतच पाठ झाले, कारण सतरावी सीट मामांच्या आरशात दिसणारी शेवटची.

(पाऊस. ओढा.)

जुलै. हा तोच ओढा.

मोरीच्या तोंडाशी एक दगड आहे, त्याला पांढरा पट्टा मारलाय. मामा गाडी अलीकडं थांबवतात, हँडब्रेक ओढतात, छत्री न घेता उतरतात. पट्टा दिसला तर जायचं. पट्टा बुडाला तर गाडी मागं, आणि आजोबांना फोन.

त्या दिवशी पट्टा अर्धा दिसत होता.

(मामा पाण्याकडं बघत उभे. खिडक्यांत चेहरे. वायपरचा आवाज तसाच राहू द्या.)

गाडी मागं घेतली.

यंदा पहिलीत 11 नवी मुलं आली, गेल्या वर्षी 4 होती. मामांचा दोन महिन्यांचा पगार थकलाय. वर्गणी झेपेना म्हणून दोन घरांनी बस सोडली, त्यातली नववीतली मुलगी आता शाळेत येत नाही.

(संध्याकाळ. परतीची फेरी.)

संध्याकाळी गाडी गावात शिरते तेव्हा हॉर्न लागत नाही. पोरांचा आवाज आधी पोचतो. जिचं धाकटं इंग्रजी शाळेत आहे ती आईही दारात उभी असते, मोठ्यासाठी. ते पांढरं कुत्रं रोज शेवटच्या वाडीपासून गाडीमागं पळत येतं.

सगळी उतरली की मावशी झाडू घेतात. आज सापडलं ते असं: दोन खोडरबर, एक मोजा, चिंचेच्या बिया, आणि झाकण नसलेला डबा. डबा सकाळी दारातल्या हुकाला टांगायचा, ज्याचा असेल तो नेईल.

मामा चाकाला दगड लावतात. उद्या शनिवार, सकाळची शाळा. हॉर्न सव्वासातला.