तटाआडची कविता

श्रोतेहो, नमस्कार. ९ सप्टेंबर १४९३ रोजी क्रोएशियातील क्रबावाच्या मैदानात ओटोमन तुर्कांच्या फौजेने क्रोएशियन सरदारांचे सैन्य कापून काढले. त्या संहाराची हकिकत लिहून ठेवली ती मार्तिनात्स नावाच्या एका धर्मगुरूने, आणि तीही ग्लागोलिती या जुन्या स्लाव्ह लिपीत आपण नकलत असलेल्या प्रार्थनापोथीतच. पुढची दीडशे वर्षे क्रोएशियन साहित्यावरून तुर्काची सावली हटली नाही. मात्र तुर्काविषयी कवीने किती उघड बोलावे, हे तो कोणत्या शहराच्या तटाआड बसला आहे त्यावर ठरत असे, असे मला वाटते.

व्हेनिसच्या अमलाखालील स्प्लिट शहराच्या वेशीबाहेर तुर्कांच्या धाडी पडत होत्या. तिथल्या मार्को मारुलिचने १५०१ मध्ये, लॅटिन न जाणणाऱ्यांसाठी मुद्दाम लोकभाषेत, 'युदिता' हे सहा सर्गांचे काव्य रचले. ते १५२१ मध्ये व्हेनिसला छापले गेले. कथा बायबलमधली: असिरियन सेनापती होलोफर्नेस नगराला वेढा घालतो आणि एक विधवा त्याच्या छावणीत शिरून त्याचे मुंडके पिशवीत घालून परतते. हा असिरियन म्हणजे कोण, हे स्प्लिटकरांना वेगळे सांगावे लागले नसेल. मारुलिचच्याच 'तुर्कांविरुद्ध प्रार्थने'त जाळपोळीचा आणि गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचा आक्रोश उघड आहे, आणि तरीही कवीने त्यात आणखी काही दडवले आहे. क्रोएशियन ओळींची आद्याक्षरे जुळवत गेले की चक्क एक लॅटिन वाक्य उभे राहते: आमच्या शत्रू तुर्कांच्या जाचातून केवळ देवच आपल्या अनंत सामर्थ्याने आम्हांला सोडवू शकतो. कारागिरी म्हणून हे नवलाचे खरेच, पण त्या 'केवळ' शब्दात युरोपातल्या राजांविषयीची निराशाही ऐकू येते. १५२२ मध्ये त्याने थेट पोप सहावे एड्रियन यांना पत्र लिहून ख्रिस्ती राजांची एकजूट करण्याची विनवणी केली.

दुब्रोव्हनिकची गोष्ट निराळी. हे व्यापारी प्रजासत्ताक सुलतानाला वर्षाला १२,५०० डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, खंडणी देऊन सुखाने नांदत होते. तिथल्या इवान गुंदुलिचने 'ओस्मान' या महाकाव्यात १६२१ च्या खोतिनच्या लढाईत पोलिश सैन्याने तुर्कांविरुद्ध गाजवलेला पराक्रम गायिला. पण १६२२ मध्ये स्वतःच्याच सैनिकांच्या बंडात मारल्या गेलेल्या दुसऱ्या ओस्मान या कोवळ्या सुलतानाकडे तो वैऱ्याच्या नव्हे, तर दैवाचा फेरा पाहणाऱ्याच्या नजरेने पाहतो. हे काव्य छापून निघाले थेट १८२६ मध्ये. कवी ते रचत होता तेव्हा त्याच्या शहराचे दूत दरवर्षी खंडणी घेऊन इस्तंबूलची वाट चालत होते.