शेवट माहीत असताना

ट्वायलाइट झोनमधले माझे लाडके एपिसोड कुठले असं मला नेहमी विचारतात, तर आज तेवढंच बोलते. अमेरिकेत सीबीएसवर १९५९ ते १९६४ चाललेली ही सिरीयल, एकूण १५६ भाग, दर वेळी नवी गोष्ट नवी माणसं, आणि त्यातले ९२ भाग एकट्या रॉड सर्लिंगने लिहिलेत. लोक म्हणतात शेवटी धक्का बसतो तो एकदा कळला की भाग संपला. मला हे पटत नाही. शेवट पाठ असतानाही जो परत बघावासा वाटतो तोच माझा लाडका.

'आय ऑफ द बिहोल्डर' घ्या, नोव्हेंबर १९६०. एक बाई, पूर्ण चेहऱ्याला बँडेज, सुंदर दिसावं म्हणून उपचार झालेत. बँडेज सुटतं, चेहरा आपल्याला सुंदर दिसतो आणि डॉक्टर मागे सरकतो, काहीच फरक पडला नाही म्हणतो. मग त्या सगळ्यांचे चेहरे दिसतात, डुकरासारखी नाकं, वाकडे ओठ. आता हे माहीत असताना परत बघा, डायरेक्टर डग्लस हेजने बँडेज सुटेपर्यंत एकही चेहरा दिसू दिलेला नाही, कुणी पाठमोरं, कुणी सावलीत, कुठे नुसते हात, आणि तरी बघताना काही लपवतायत असं वाटत नाही! बँडेजच्या आतली नटी मॅक्सीन स्टुअर्ट आणि बाहेर आलेली डोना डग्लस, दोघी वेगळ्या. बँडेजमध्ये फक्त आवाज आणि हात आहेत, तेवढ्यावर त्या बाईने आपल्याला रडवलंय.

'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट', मार्च १९६०. गल्लीतले लाइट जातात, फोन बंद, गाड्या बंद. एक लहान मुलगा सांगतो की गोष्टीत परग्रहावरचे लोक आधी माणसांसारखं दिसणारं एक कुटुंब पाठवतात. झालं, मग एकाची गाडी आपोआप सुरू होते आणि कालपर्यंतचे शेजारी त्याच्याकडे बघायला लागतात, तो रात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे का बघतो हा सुद्धा पुरावा होतो, आणि अंधारातून चालत येणाऱ्या आपल्याच माणसाला गोळी घालतात. सर्लिंगने १९५६ मध्ये एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या गोऱ्यांनी केलेल्या खुनावरून नाटक लिहिलं होतं, टीव्हीवर येईपर्यंत त्यातलं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचं नाव-गाव सगळं पुसलं गेलं. इथे परग्रहवासी आणले आणि जमाव जसाच्या तसा दाखवता आला.

आणि सगळ्यात जवळचा 'वॉकिंग डिस्टन्स', ऑक्टोबर १९५९. बर्नार्ड हरमनचं संगीत आहे, इतकं हळवं की सुरुवातीपासूनच गळा दाटतो. छत्तीस वर्षांचा, कामाला कंटाळलेला मार्टिन चालत आपल्या लहानपणच्या गावात पोचतो, तिथे आईवडील जिवंत, आणि लहानपणचा अकरा वर्षांचा तो स्वतःही तिथेच. आईबाप ओळखत नाहीत, हाकलून देतात. मग संध्याकाळी वडील त्याचं पडलेलं पाकीट घेऊन शोधत येतात, त्यात लायसन्स आणि नोटा आहेत, त्यावरच्या तारखा अजून उजाडायच्यात, आणि त्यावरून बापाला कळतं की हा आपलाच मुलगा. तो ओरडत नाही, घाबरत नाही. पाकीट हातात देतो आणि शांतपणे सांगतो की हा उन्हाळा त्या पोराचा आहे, तू परत जा.

दर वेळी मी ते पाकीट देणारे हातच बघत बसते.