जो ओरडत नाही, त्याला आधी

नमस्कार श्रोतेहो. अपघात झाला की १०८ लावायचा, हे आता लेकराबाळांनाही ठाऊक आहे. पण गाडी एक आणि जखमी चार, मग आधी कोणाला न्यायचं? आज बोलायचं ते हे ठरवणाऱ्या माणसाबद्दल.

नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे नावाच्या सर्जनने दोनशे वर्षांपूर्वी नियम घातला : हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. पुन्हा सांगतो, हुद्दा नाही, जखम.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माता होतो. ऊसतोडीचे दिवस. रात्री जीप उसाच्या ट्रॉलीवर आदळली. (मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली कारखान्याने काट्यावर घेऊच नये, हे माझं ठाम मत. अंधारात ती दिसतच नाही हो!) डॉक्टर शिबिराला गेलेले, सगळी मदार सिस्टरवर. एका पुढाऱ्याचा पुतण्या पाय मोडून ओरडत होता, भोवती पन्नास माणसं. कोपऱ्यात एक ऊसतोड बाई गप्प पडलेली. अंगावर रक्ताचा थेंब नाही.

सिस्टर आधी बाईकडे गेल्या. नाडी बारीक, भरभर, पोट कडक, चेहरा पांढराफटक. मग पुतण्याचा पाय बघितला. बोटं गरम, नाडी लागत होती.

"दादांना आधी काढा!" गर्दी ओरडली.

"दादांच्या पायाला फळी बांधते, ते थांबू शकतात. हिला थांबता येणार नाही."

"बदली करू तुमची!"

"उद्या करा. आता दार सोडा."

गाडी बाईला घेऊन लातूरला गेली. सिस्टरनी लगेच रजिस्टर उघडलं. वेळ, दोघांची नाडी, रक्तदाब, आधी कोणाला पाठवलं आणि का, सगळं लिहून खाली स्वतःची सही केली. ड्रायव्हरवर काही ढकललं नाही. बाईची प्लीहा, म्हणजे पोटातला एक अवयव, फाटली होती, रक्त आतल्या आत वाहत होतं. ऑपरेशन झालं, ती वाचली. वाचली नसती, तरी निर्णय बरोबरच होता. त्या घडीला हाताला जे लागलं, त्यावरून तो घेतला होता.

ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, श्रोतेहो. गप्प पडलेल्याला आधी बघा. गप्प पडलेल्याला आधी.

पोलिसांचे कागद नंतर, उपचार आधी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट बघितलेल्यांना, जखमी शेकड्यांनी येतात तेव्हा अशी निवड किती अवघड होते, हे मी काय सांगावं?

तुमच्या गावात अशी वेळ आली, तर सिस्टरच्या बाजूने बोलणारा एक तरी माणूस त्या गर्दीत असू द्या. नमस्कार.